दाणा, पोतं आणि थप्पी : फिल्टरचे टाइप एरर कसे वाचावेत

“सर, मघाधरनं हेच येऊलालंय. कंस घालून बघितले, काढून बघितले. जाईनाच.”

लातूरच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. ही मुलगी औसा तालुक्यातली. वडील मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहेत. गाडीत किती पोती चढली याची बेरीज ते रोज रात्री घरी बसून पावत्यांवरून करतात. ते काम प्रोग्रॅमकडून करून घ्यायचं तिच्या मनात होतं. कॉलेजात पायथन शिकून झालं होतं, आणि हास्केल ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा आम्ही दोनच आठवड्यांपूर्वी सुरू केली होती. तिनं चाचणीसाठी पावतीची एक ओळ टाइप केली:

    तूर ५ पोती सोयाबीन १२ पोती

यातले ५ आणि १२ तेवढे हवे होते. म्हणून तिनं लिहिलं:

    फिल्टर इजडिजिट (वर्ड्स ओळ)

हास्केलचा खरा कोड रोमन लिपीत असतो. वाचताना अडखळायला नको म्हणून इथे तो उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. कळफलकावर उतरवताना मूळ स्पेलिंग वापरा. आणखी एक: वरच्या ओळीतले आकडे इथे मराठी दिसत असले तरी तिनं ते इंग्रजी आकड्यांत टाइप केले होते. या फरकाला पुढे फार महत्त्व येणार आहे.

आता तिची ओळ मराठीत वाचून बघा. ‘वर्ड्स’ म्हणजे जागा सुटली तिथे ओळ तोडून शब्द वेगळे करणं. ‘इजडिजिट’ म्हणजे “तू आकडा आहेस का?” हा प्रश्न. ‘फिल्टर’ म्हणजे चाळणी. ओळीचे शब्द कर आणि त्यातले आकडे चाळून घे. कानाला अगदी बरोबर वाटतं. तरी कंपायलरनं, म्हणजे कोड तपासून तो यंत्राला कळेल असा करणाऱ्या प्रोग्रॅमनं, नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत जे आलं त्याचा अर्थ असा: ‘कॅर’ आणि ‘[कॅर]’ हे टाइप जुळत नाहीत, अपेक्षित ‘[कॅर]’, प्रत्यक्षात ‘[स्ट्रिंग]’, जागा, फिल्टरचा दुसरा आर्ग्युमेंट. टाइप म्हणजे वस्तूचा प्रकार, आणि आर्ग्युमेंट म्हणजे फिल्टरसारख्या फंक्शनला काम करायला दिलेली वस्तू.

मी तिला म्हणालो, “कोडला हात लावू नकोस. आधी हे मोठ्यानं वाच.”

पोरं एरर वाचत नाहीत, बघतात. लाल रंग दिसला की हात लगेच कंसाकडे जातो. पण हास्केलचा टाइप एरर हे एक पूर्ण वाक्य असतं. कुणी काय मागितलं, कुणी काय दिलं आणि हे कुठे घडलं, तिन्ही गोष्टी त्यात असतात. ते वाक्य समजलं की निम्मं काम झालं.

ते समजावं म्हणून मोंढ्यातच जाऊ.

मोंढ्यात माल तीन रूपांत दिसतो. एक दाणा. दाण्यांनी भरलेलं पोतं. आणि पोत्यांवर पोती रचून केलेली थप्पी. हास्केलमध्ये एका अक्षरचिन्हाला ‘कॅर’ म्हणतात, तो दाणा. ‘स्ट्रिंग’ म्हणजे पोतं. आणि स्ट्रिंगांची यादी म्हणजे थप्पी. चौकोनी कंस म्हणजे ‘च्या यादी’ असं वाचायचं. ‘[कॅर]’ म्हणजे कॅरची यादी, ‘[स्ट्रिंग]’ म्हणजे स्ट्रिंगांची यादी. सगळ्यात महत्त्वाची ओळ ही:

    टाइप स्ट्रिंग = [कॅर]

स्ट्रिंग ही काही वेगळी वस्तू नाही. ते ‘[कॅर]’चंच दुसरं नाव आहे, पोतं म्हणजे दाण्यांचा समूह तसंच. १९९० साली हास्केलची पहिली व्याख्या जाहीर झाली तेव्हापासून हे असंच आहे. त्याचा मोठा फायदा असा की कोणत्याही टाइपच्या यादीवर चालणारं प्रत्येक फंक्शन स्ट्रिंगवरही चालतं. तोटा असा की ‘[स्ट्रिंग]’ म्हणजे प्रत्यक्षात ‘[[कॅर]]’, दोन कंसांची वस्तू, आणि त्यातला एक कंस ‘स्ट्रिंग’ या नावाआड दडून बसतो. एररमध्ये एकाच वस्तूला कधी ‘स्ट्रिंग’ म्हटलेलं असतं, कधी ‘[कॅर]’. नवख्या माणसाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणून मी पोरांना पहिली सवय लावतो ती ही: एररमधली प्रत्येक ‘स्ट्रिंग’ खोडा, तिथे ‘[कॅर]’ लिहा, आणि मग कंस मोजा.

तिनं वहीत तसं केलं. अपेक्षित ‘[कॅर]’, एक कंस. प्रत्यक्षात ‘[[कॅर]]’, दोन कंस. चाळणीला पोतं हवं होतं आणि समोर थप्पी आणून ठेवली होती.

“पण सर, चाळणीला काय बी चालतंय म्हणला होतात की तुम्ही.”

हो, म्हणालो होतो, आणि ते खरंही आहे. फिल्टरचा टाइप असा असतो:

    फिल्टर :: (अ -> बूल) -> [अ] -> [अ]

फिल्टरला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे एक कसोटी, जी ‘अ’ घेते आणि हो किंवा नाही सांगते. ‘बूल’ म्हणजे हो-नाही. दुसरी, ‘अ’ची यादी. परत मिळते तीही ‘अ’चीच यादी. ‘अ’ कोणताही टाइप असू शकतो, पण तिन्ही जागी तोच एक. तिच्या कोडमध्ये कसोटी होती ‘इजडिजिट’, जिचा टाइप ‘कॅर -> बूल’. म्हणजे तिनं पहिला आर्ग्युमेंट देताक्षणी ‘अ’ हा दाणा ठरला. मग दुसऱ्या जागी दाण्यांची यादी, म्हणजे पोतं, यायलाच हवं. पण ‘वर्ड्स’नं दिली थप्पी. थप्पी चाळायची तर चाळणी पोतं पारखणारी हवी. दाणा पारखणारी चाळणी थप्पीवर लावली तर ती पुऱ्या पोत्यालाच दाणा समजून विचारणार, “तू आकडा आहेस का?” या प्रश्नाला उत्तरच नाही.

पायथनमध्ये हा पेच येत नाही, आणि तिथून आलेली पोरं इथे अडतात त्याचं कारणही हेच. पायथनमध्ये दाणा नावाचा वेगळा टाइपच नाही. एक अक्षर म्हणजे एक अक्षर लांबीची स्ट्रिंग. ‘इजडिजिट’ तिथे पुऱ्या शब्दालाही विचारता येतं. दाणाही पोतंच, फक्त एका दाण्याचं. त्यामुळे “मी आत्ता कोणत्या पातळीवर आहे?” हा प्रश्न कधी पडतच नाही.

आता एररमध्ये दाखवलेल्या जागेकडे बघा. कंपायलर म्हणाला, चूक दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे ‘(वर्ड्स ओळ)’ इथे. ती बिचारी अर्धा तास ‘वर्ड्स’भोवतीच कंस घालत-काढत होती. पण ‘वर्ड्स’ बरोबरच होतं. बदलायला हवी होती ती कसोटी.

कंपायलर खोटं बोलत नाही. पण तो कसा विचार करतो हे समजून घ्यावं लागतं. टाइप न सांगताही तो ते शोधून काढतो. ही पद्धत रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. तिच्यात माहिती जशी मिळेल तशी जुळवत जायची असते. ‘इजडिजिट’वरून ‘अ’ म्हणजे कॅर असं त्यानं नोंदवून ठेवलं. पुढे ‘वर्ड्स’वरून ‘अ’ म्हणजे स्ट्रिंग असं निघालं. आधीच्या नोंदीशी ते जुळेना, म्हणून जिथे विसंगती लक्षात आली तिथे बोट ठेवलं. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत एवढंच तो सांगतो. दोघांपैकी कोण चुकलं हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला ठरवायचं असतं, कारण तुम्हाला काय हवंय हे फक्त तुम्हालाच माहीत असतं.

एक एरर, तीन दुरुस्त्या

यापुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. तिचा हा एरर तीन तऱ्हांनी घालवता येतो. तिन्हींत कोड कंपाइल होतो. तिन्हींची उत्तरं वेगळी.

पहिली तऱ्हा, थप्पी करूच नका. ओळ आहे तशीच चाळा:

    फिल्टर इजडिजिट ओळ

ओळ म्हणजे पोतं, कसोटी दाण्याची. टाइप जुळला, एरर गेला. उत्तर आलं:

    "५१२"

तिनं आनंदानं मान वर केली आणि मग तिच्या लक्षात आलं. तूर ५ पोती, सोयाबीन १२ पोती, आणि प्रोग्रॅम म्हणतो पाचशे बारा. शब्दांमधल्या मोकळ्या जागाही चाळणीत गळून गेल्या आणि दोन वेगळे आकडे एकमेकांना चिकटले. मोंढ्यातल्या हिशोबात असं झालं तर आडत्यापासून हमालापर्यंत सगळ्यांचा दिवस वाया. एरर गेला म्हणजे चूक गेली असं नाही, हे त्या पाचशे बारानं जितकं पटवलं तितकं माझ्या दहा तासांनी पटलं नसतं.

दुसरी तऱ्हा, थप्पीतल्या प्रत्येक पोत्यावर चाळणी लावा:

    मॅप (फिल्टर इजडिजिट) (वर्ड्स ओळ)

‘मॅप’ यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच काम करतो. घटक म्हणजे पोतं, आणि ‘फिल्टर इजडिजिट’ पोतं घेऊन पोतंच देतो. टाइप जुळतो. उत्तर:

    ["", "५", "", "", "१२", ""]

सहा शब्द होते, सहा पोती परत आली. त्यातली चार रिकामी. ‘मॅप’ यादीची लांबी कधीच बदलत नाही. शब्दांमधली घाण काढायची असेल, उदाहरणार्थ प्रत्येक नावातली विरामचिन्हं, तर हीच तऱ्हा योग्य. इथे आपल्याला काही पोती पुरतीच बाजूला करायची होती.

तिसरी तऱ्हा, दाण्याच्या कसोटीवरून पोत्याची कसोटी तयार करा:

    फिल्टर (ऑल इजडिजिट) (वर्ड्स ओळ)

‘ऑल’ दाण्याची कसोटी घेतो आणि पोत्यातला प्रत्येक दाणा तिला उतरतो का ते सांगतो. मोंढ्यात पोत्यात नळी खुपसून नमुना काढतात आणि त्यावरून पुऱ्या पोत्याचा निवाडा करतात. ‘ऑल’ नमुन्यावर भागवत नाही, दाणा न् दाणा बघतो. त्यामुळे ‘ऑल इजडिजिट’चा टाइप होतो ‘स्ट्रिंग -> बूल’. आता ‘अ’ म्हणजे स्ट्रिंग, दुसरीकडे स्ट्रिंगांची यादी, आणि उत्तर:

    ["५", "१२"]

हेच तिला हवं होतं. पावतीवर ‘१२पोती’ असं चिकटवून लिहिलेलं असतं तर ‘ऑल’नं तो शब्द फेकून दिला असता. तिथे ‘एनी’ लागतो, एक जरी दाणा उतरला तरी पोतं ठेवणारा.

‘ऑल’ची एक खोच इथेच सांगतो. रिकाम्या पोत्याला विचारलं, “तुझे सगळे दाणे आकडे आहेत का?”, तर उत्तर येतं ‘हो’. एकही दाणा नाही, म्हणून नापास झालेला दाणाही नाही. तर्कानं ते बरोबर आहे. ‘वर्ड्स’ रिकामा शब्द देत नाही, म्हणून इथे निभावतं. पण फाइलच्या ओळी ‘लाइन्स’नं तोडल्या आणि मध्ये कोरी ओळ असली तर ती ‘ऑल इजडिजिट’मधून सुखरूप पुढे जाते. टाइप त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

या तिन्ही तऱ्हा बघितल्या की एररकडून काय विचारलं जातंय ते उघड होतं. “तुला दाणे निवडायचेत, प्रत्येक पोतं आतून साफ करायचंय, की पोती निवडायचीत?” याचं उत्तर आधी मराठीत द्या. कोड त्यानंतर.

पातळी कळत नसेल तर विचारायला कंपायलर तयार असतो. हास्केलच्या कन्सोलमध्ये ‘:टी’ लिहून पुढे कोणतंही पद दिलं की त्याचा टाइप मिळतो. त्याहून सोयीची गोष्ट म्हणजे रिकामी जागा. जिथे काय लिहावं कळत नाही तिथे नुसता अंडरस्कोर टाका:

    फिल्टर _ (वर्ड्स ओळ)

कंपायलर अडतो, पण कामाचं बोलून अडतो: इथे एक भोक सापडलं, त्यात ‘स्ट्रिंग -> बूल’ या टाइपचं काहीतरी बसेल. हास्केलच्या मुख्य कंपायलरमध्ये ही सोय २०१४ पासून आहे. मुलीला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे हे गाळलेल्या जागा भरायला देऊलालंय.” अगदी तेच. दाण्याची कसोटी तिथे बसणार नाही हे तिला लिहिण्याआधीच कळलं असतं.

आणि फंक्शनच्या वर त्याचा टाइप स्वतः लिहायची सवय ठेवा. तसं केलं की साक्षीदारांपैकी एकाची जबानी पक्की होते आणि कंपायलरचं बोट बहुतेक वेळा योग्य जागी जातं.

बाकीचे नेहमीचे एरर एवढा वेळ घेत नाहीत. एकेरी आणि दुहेरी अवतरणाचा घोळ रोज होतो. ‘फिल्टर (== "क") ओळ’ चालत नाही, कारण दुहेरी अवतरणातला "क" हे एका दाण्याचं पोतं आहे आणि ओळीतून निघतात ते दाणे. ‘फिल्टर (== 'क') ओळ’ असं एकेरी हवं.

‘नॉट’चा एरर फसवतो. आकडे सोडून बाकी सगळं ठेवायचं म्हणून पोरं लिहितात ‘फिल्टर (नॉट इजडिजिट) ओळ’. ‘नॉट’ला हो-नाही हवं असतं आणि आपण त्याच्या हातात अख्खी कसोटी देतो. कंपायलर सुचवतो की ‘इजडिजिट’ला बहुधा आर्ग्युमेंट कमी पडले. ते ऐकून पोरं काहीतरी आर्ग्युमेंट शोधत बसतात. खरं काम एका टिंबाचं आहे: ‘नॉट . इजडिजिट’. टिंब म्हणजे दोन फंक्शनं जोडणं. दाणा आधी ‘इजडिजिट’कडे जाईल, त्याचं उत्तर ‘नॉट’कडे.

गावांच्या यादीतून ‘वाडी’नं संपणारी नावं काढायला ‘एलेम "वाडी"’ वापरणारेही बरेच. ‘एलेम’ विचारतो की ही वस्तू त्या यादीचा एक घटक आहे का. पोतं हे पोत्याचा घटक नसतं, दाणा असतो. पोत्याच्या शेवटी दुसरं पोतं जुळतं का ते बघायला ‘इजसफिक्सऑफ’ आहे:

    फिल्टर (इजसफिक्सऑफ "वाडी") गावं

आणि फिल्टरनं एकच वस्तू उरवली तरी तो यादीच देतो. ‘फिल्टर (== "बीड") जिल्हे’ याची तुलना "बीड"शी केली की पुन्हा एक कंस जास्त. एकच हवं असेल तर ‘फाइंड’ वापरा. सापडलं तर तो ते देतो, नाही सापडलं तर तसं सांगतो.

टाइप जुळला, मात्रा गेली

दुसऱ्या दिवशी ती आली ती वेगळीच तक्रार घेऊन. एरर नव्हता. वडिलांनी मोबाइलवर टाइप करून पाठवलेली खरी पावती तिनं प्रोग्रॅमला दिली आणि उत्तर आलं ‘[]’. रिकामं.

मी फाइल उघडून बघितली. वडिलांनी आकडे मराठीत लिहिले होते. हास्केलचं ‘इजडिजिट’ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ यांनाच आकडा मानतं. मराठी ५ ला ते ‘नाही’ म्हणतं. टाइपच्या दृष्टीनं सगळं ठीक, कारण मराठी पाच हाही कॅर आणि इंग्रजी पाच हाही कॅर. ‘इजनंबर’ नावाचं दुसरं फंक्शन मराठी आकड्यांना ओळखतं, पण त्यानं निवडलेले "१२" पुढे ‘रीड’ला देऊन संख्या करायला गेलात तर प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो. तिथेही फक्त इंग्रजी आकडे चालतात.

आपल्या लिपीसाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे मात्रा. अक्षरं तेवढी ठेवायला पोरं ‘इजअल्फा’ वापरतात, पुस्तकात तसंच असतं. ते मराठवाड्यातल्या जिल्ह्यांवर चालवून बघा:

    मॅप (फिल्टर इजअल्फा) ["बीड", "लातूर", "नांदेड", "परभणी", "धाराशिव"]

उत्तर:

    ["बड", "लतर", "नदड", "परभण", "धरशव"]

एकही एरर नाही आणि एकही नाव जागेवर नाही. कारण असं: हास्केलचा कॅर म्हणजे युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीतला, एक सांकेतिक अंक. ‘बीड’ आपल्याला दोन अक्षरांचं वाटतं, पण संगणकासाठी ते तीन दाणे आहेत: ब, ईची मात्रा, ड. ‘लातूर’ तीन अक्षरं, पण पाच दाणे. युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची गणना ‘अक्षर’ या वर्गात होत नाही, ‘चिन्ह’ या वर्गात होते, आणि ‘इजअल्फा’ फक्त अक्षरं ठेवतं. त्यावर उपाय म्हणजे चिन्हं ओळखणारं ‘इजमार्क’ सोबत घेणं:

    फिल्टर (\क -> इजअल्फा क || इजमार्क क) नाव

उलट्या तिरक्या रेघेनं बिननावाचं फंक्शन सुरू होतं, आणि दोन उभ्या रेघा म्हणजे ‘किंवा’. आता नांदेड नांदेडच राहतं. काही कळफलक जोडाक्षरात न दिसणारं सांधण्याचं चिन्ह घालतात. ते अक्षरही नाही आणि मात्राही नाही, त्यामुळे या चाळणीतूनही ते गळतं. खूप मराठी मजकूर हाताळणार असाल तर तेही ध्यानात ठेवा.

याच कारणानं 'क' हा एकेरी अवतरणात चालतो, पण 'की' चालत नाही. आपल्याला एक अक्षर दिसतं, एकेरी अवतरणाला एकच दाणा लागतो, आणि ‘की’ दोन दाण्यांचं आहे. हा एरर टाइपचा नसतो, त्याच्याही आधीचा असतो, कोडची अक्षरं वाचतानाच येतो. आणि कन्सोलमध्ये "बीड" लिहून एंटर दाबलं की "\२३४८\२३६८\२३३७" असं काहीतरी येतं तेव्हा घाबरू नका. ते त्या तीन दाण्यांचे सांकेतिक अंक आहेत, पडद्यावर अर्थातच इंग्रजी आकड्यांत. ‘पुटस्ट्रलाइन’नं छापलं की बीड दिसतं.

मोठ्या फाइलसाठी ‘स्ट्रिंग’ वापरू नये हेही इथेच सांगायला हवं. दाण्यांची यादी ठेवायला प्रत्येक मराठी दाण्यामागे ६४ बिटच्या यंत्रावर साधारण ४० बाइट लागतात. तोच दाणा यूटीएफ-आठ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइटमध्ये मावतो. म्हणून कामाच्या प्रोग्रॅममध्ये ‘टेक्स्ट’ नावाचा टाइप वापरतात. ते शिवलेलं पोतं समजा. आत दाणेच आहेत, पण ती यादी नाही. साधा ‘फिल्टर’ त्यावर लावला की एरर येतो: अपेक्षित ‘[कॅर]’, प्रत्यक्षात ‘टेक्स्ट’. इथे कंस मोजून उपयोग नाही, कारण वस्तूच वेगळी आहे. टेक्स्टच्या लायब्ररीत त्याचे स्वतःचे फिल्टर, वर्ड्स, ऑल असतात, ते वापरायचे. एल्म आणि एफ-शार्प या भाषांतही स्ट्रिंगचा फिल्टर आणि यादीचा फिल्टर असे दोन वेगळेच ठेवलेत.

तर मुनीमांची पावती. आकड्यांची कसोटी आपणच लिहू, असं तिनं ठरवलं. मी फक्त एवढंच म्हणालो की प्रत्येक ओळीच्या वर टाइप लिही. तिनं आधी तिन्ही टाइप लिहिले, मग त्यांच्याखाली कोड:

    मराठीअंक :: कॅर -> बूल
    मराठीअंक क = क >= '०' && क <= '९'

    आकडा :: स्ट्रिंग -> इंट
    आकडा = फोल्डएल (\न क -> न * १० + ऑर्ड क - ऑर्ड '०') ०

    एकूण :: स्ट्रिंग -> इंट
    एकूण ओळ = सम (मॅप आकडा (फिल्टर (ऑल मराठीअंक) (वर्ड्स ओळ)))

एकेरी अवतरणातले शून्य-नऊ खरोखर मराठी आहेत, बाकीच्या संख्या नेहमीच्या. ‘इंट’ म्हणजे पूर्णांक, ‘सम’ म्हणजे बेरीज. ‘फोल्डएल’ शून्यापासून सुरू करून डावीकडून एकेक दाणा घेत संख्या वाढवत नेतो. ‘ऑर्ड’ दाण्याचा सांकेतिक अंक देतो, त्यातून मराठी शून्याचा अंक वजा केला की आकड्याची किंमत हाती येते. पहिल्या टाइपमध्ये दाणा आत, हो-नाही बाहेर. दुसऱ्यात पोतं आत, संख्या बाहेर. तिसऱ्यात पावतीची पुरी ओळ आत आणि गाडीतली पोती बाहेर.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा ‘ऑल’ लिहायचा राहिला होता आणि तोच एरर परत आला, ‘कॅर’ आणि ‘[कॅर]’. या वेळी तिनं कंसाला हात लावला नाही. पडद्याकडे बघून एवढंच म्हणाली, “पोत्याला दाण्याचं विचारूलालाव,” आणि ‘ऑल’ घातला. वडिलांची ओळ दिली. खाली छापून आलं सतरा.